ग्रासहॉपरमध्ये ४०० ऐवजी ८००० वर्तुळं

रायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरमध्ये (तारांनी घटक जोडून आकार रचायचं साधन) इमारतीच्या दर्शनी जाळीसाठी २० रांगांत २०-२० बिंदू होते, म्हणजे वर्तुळं ४०० हवीत. आली ८०००! प्रत्येक रांगेच्या शेवटच्या बिंदूवर ढीग, आणि रायनो जागीच गोठलेला.

तारा बघितल्या. बिंदूंची तार तुटक दुहेरी, म्हणजे डेटा ट्री, प्रत्येक रांग वेगळ्या फांदीत. त्रिज्यांची सलग दुहेरी, म्हणजे एकच सपाट यादी. त्यामुळे प्रत्येक रांगेला सगळ्या ४०० त्रिज्या मिळत होत्या आणि उरलेल्यांसाठी शेवटचा बिंदूच पुन्हा वापरला जात होता. त्रिज्या ज्या अंतरांवरून काढल्या होत्या, त्यांच्या आउटपुटवरचं फ्लॅटन (सगळ्या फांद्या मिळून एकच यादी करणं) काढलं. ते फक्त किमान-कमाल काढणाऱ्या ‘बाउंड्स’च्या इनपुटवर ठेवलं, कारण किमान-कमाल सगळ्या जाळीची मिळूनच लागते. अंतरांना त्रिज्यांच्या मापात आणणाऱ्या ‘रीमॅप’ला मूळ ट्री जोडला. वर्तुळं ४००.

ग्राफ्ट (प्रत्येक नगाला वेगळी फांदी देणं) किंवा फ्लॅटन अंदाजाने लावत बसण्यापेक्षा आधी ट्रीची रचना दाखवणारा ‘पॅरम व्ह्यूअर’ जोडून फांद्या मोजाव्यात.