जाकीट घेताना आधी ते उलटं करा

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. ‘मावशी बदकं बघायला जाते’ एवढंच त्याच्या लक्षात होतं. तिथे सेलमध्ये दिसलं म्हणून त्याने मला बदकांच्या शिकारीचं वॉटरप्रूफ जाकीट पाठवून दिलं. छातीवर काडतुसांचे खिसे, आत उबदार अस्तर, वर वाळक्या लव्हाळ्याची छपाई. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे गोळ्यांच्या खिशांत मी लिमलेटच्या गोळ्या भरल्या आणि जुलैतल्या एका रविवारी ते घालून पक्षी बघायला मुंबईतल्या भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला गेले. दहा मिनिटांत पाठीवरून घामाचे ओघळ. पावसाचा एक थेंब आत आला नाही, तरी घरी आले ती चिंब होऊन.

मी मुलुंडला शिवणकाम करते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे ब्लाउज कमी आणि गळके रेनकोट जास्त येतात. त्यामुळे जाकीट हातात घेतलं की मी आधी उलटं करते. तुम्हीही करा, दुकानदार बघत राहिला तरी. कापड कितीही चांगलं असो, शिलाई म्हणजे भोकांची रांग. त्या रांगेवर आतून पारदर्शक किंवा राखाडी टेप चिकटवलेली असते. स्वस्त मालात ती फक्त खांद्याला आणि टोपीला असते, बाहीला आणि चेनच्या कडेला नसते. मुंढ्यापाशी तीन-चार शिवणी एकत्र येतात, तिथली टेप नखाने हळूच खरवडून बघा. कड उचलली गेली तर ते जाकीट परत हँगरला. खांद्यावर जिथे पिशवीचा पट्टा बसतो तिथे शिवणच नसेल तर उत्तम. आणि छातीवर भरतकामाचा लोगो असेल तर त्याच्यामागेही टेप आहे का ते बघाच. कंपनी स्वतःच्या नावासाठी पन्नास भोकं पाडते आणि विसरते.

मग लेबलावरचा आकडा. 5,000, 10,000, 20,000 मि.मी. असं लिहिलेलं असतं. एक गिऱ्हाईक मला म्हणाली, “ताई, 2005 च्या 26 जुलैला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता ना? मग हजाराचं पुरेल की.” तसं नाही. 10,000 म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तोपर्यंत ते झिरपत नाही. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब फार नसतो. पण पट्टा घासतो, आपण ओल्या बांधावर बसतो, कोपर टेकवतो, तिथे दाब वाढतो. आपल्याला 10,000 पुरतं.

दुसरा आकडा ‘ब्रीदेबिलिटी’चा, आणि दुकानदार पैसे घेतो ते त्याचे. कापडातून घामाची वाफ बाहेर जाते हे खरं, पण ती जाते आत-बाहेरच्या फरकावर. मिनेसोटात नोव्हेंबरात बाहेर थंडी, आत अंगाची ऊब. वाफ सरळ बाहेर. मुंबईत जुलैत बाहेरची हवाच वाफेने भरलेली. वाफेने जायचं कुठे? म्हणून इथे त्या आकड्यापायी हजारो रुपये घालवू नका. काखेत लांब चेन आहे का ते बघा. ती उघडली की वारा खेळतो. पाठीवर झडप आणि तिच्याखाली जाळी असेल तर आणखी बरं. आतलं अस्तर पातळ जाळीचं असावं; उबदार अस्तराचं काही घेऊच नका.

भाच्याच्या जाकिटाची एक गोष्ट मात्र मी मनापासून मानली: मनगटाला आतून रबरी ताणाचा घट्ट कफ. दुर्बीण डोळ्याला लावली की हात वर, आणि पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत. साध्या इलॅस्टिकला ते थांबत नाही. बाजारात असा कफ सहसा मिळत नाही, म्हणून आत घट्ट आणि बाहेर पट्ट्याने आवळता येणारी बाही शोधा. तो पट्टा वेल्क्रोचा असेल तर घरूनच लावून निघा. पाण्याकाठी ‘चर्र’ झालं की हळदीकुंकू बदकाची जोडी गेलीच म्हणून समजा. कापडही हातात चुरगळून आवाज ऐका. कुरकुरीत वाजणारं नको.

टोपी घातल्यावर मान डावीकडे वळवा. टोपी वळली नाही आणि डोळ्यासमोर कापड आलं, तर मागे आवळायची दोरी नाही. चष्मा असेल तर पुढे कडक झाप हवी. लांबी मांडीपर्यंत घ्या; शिकारीची जाकिटं छातीपर्यंतच्या रबरी पँटवर घालायची म्हणून आखूड असतात, आपल्या पँटीत पाणी उतरतं. साइज एक नंबर मोठा, म्हणजे दुर्बीण आत लटकते.

रंगाचं म्हणाल तर वाळक्या लव्हाळ्याची छपाई आपल्या जुलैच्या हिरव्यागार गवतात उठून दिसते, आणि गेटवरचा वॉचमन दहा प्रश्न विचारतो. शेवाळी किंवा मातकट साधा रंग पुरे.

घरी आणल्यावर बिल सांभाळून ठेवा आणि बाथरूमच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभ्या राहा, हात दुर्बीण धरल्यासारखे वर. खिशांत टिश्यू पेपर ठेवा, आत फिका सुती टॉप घाला. कुठे ओलं झालं ते लगेच कळतं.

जाकिटाचा जीव जातो तो पावसात नाही, माळ्यावर. ओलं जाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलं की आतला पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दमटपणाने चिकट होतो आणि पुढच्या जूनला पांढरे पापुद्रे गळतात. मग मीही काही करू शकत नाही. टेप सुटली असेल तर इस्त्रीने लावून देते, थर गेला की गेला. धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका. कापडावर पाण्याचे मणी होऊन घरंगळणं त्याने थांबतं. पूर्ण वाळवून हँगरला टांगा. भाच्याचं जाकीट आमच्याकडे तसंच टांगलेलं आहे. जानेवारीत पहाटे ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटीने निघते तेव्हा वारा आणि खाडीचे शिंतोडे असतात, तेवढ्या दोन तासांसाठी ते बाहेर निघतं.