बीटा डिकेची फाइनमन आकृती कशी वाचायची

बीटा डिकेत न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. इंदूरच्या भंवरकुआंला कोचिंग करणारी पोरं नेहमी विचारतात की यात न्यूट्रॉनमधून डब्ल्यू (हा बदल घडवणारा कण) निघतो म्हणजे तो आधीपासून आत बसलेला असतो का. नाही हो. फाइनमन आकृतीला, म्हणजे कणांच्या अशा बदलाच्या रेषाचित्राला, कणांचा फोटो समजलात की गोंधळ झालाच, तिच्याकडे जमाखर्चाच्या वहीसारखं बघा, प्रत्येक व्हर्टेक्सला (रेषा जिथे मिळतात त्या टिंबाला) हिशोब जुळला पाहिजे, बास.

पेन घ्या. वेळ डावीकडून उजवीकडे (काही पुस्तकांत खालून वर असते, आधी ते बघून घ्या). डावीकडे न्यूट्रॉनचे तीन क्वार्क (त्याच्या आतले कण), यू डी डी, म्हणजे एक अप आणि दोन डाऊन. एक यू आणि एक डी सरळ जाऊ द्या, त्यांना काही होत नाही. उरलेल्या डीच्या रेषेवर मधेच टिंब द्या, तिथून पुढे तो यू. आता डीचा चार्ज -१/३ आणि यूचा +२/३, म्हणजे चार्ज एकानं वाढला, मग उणे एक कुठंतरी जायलाच हवा ना, तो नेते ती नागमोडी रेषा, डब्ल्यू मायनस. तिच्या दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन आणि अँटीन्यूट्रिनो (न्यूट्रिनो या चार्ज नसलेल्या हलक्या कणाचा अँटीपार्टिकल, म्हणजे उलटा जुळा). लेप्टॉन नंबर म्हणजे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोच्या कुटुंबाची मोजणी, तीही आधी आणि नंतर सारखीच हवी; इलेक्ट्रॉनचा लेप्टॉन नंबर +१, म्हणून जोडीला -१ वालाच लागतो, नुसता न्यूट्रिनो लिहिलात तर मार्क गेले.

खरं लफडं रेषांवरच्या बाणांचं. अँटीन्यूट्रिनो बाहेर जातोय, तरी त्याचा बाण उलटा, टिंबाकडे येणारा काढतात, अँटीपार्टिकलची खूणच ती. टिंबात एक बाण येतो, एक बाहेर जातो. दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर दिसले तर खोडा.

डब्ल्यूचं वस्तुमान ऊर्जेच्या हिशोबात जवळपास ८० जीईव्ही (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही). आपल्या राजा रमन्ना सेंटरचा इंडस-२ हा प्रवेगक (कणांना वेग देणारं यंत्र) इलेक्ट्रॉनला २.५ जीईव्हीपर्यंत नेतो, आणि न्यूट्रॉनच्या डिकेत तर १ एमईव्हीसुद्धा सुटत नाही, एवढ्यात खरा डब्ल्यू बनणार कुठून, म्हणून तो व्हर्च्युअल, म्हणजे फक्त मधल्या हिशोबापुरता, त्याच्या रेषेची दोन्ही टोकं आकृतीच्या आतच राहतात. खरे डब्ल्यू सर्नला (युरोपातली कण-प्रयोगशाळा) १९८३ मध्ये सापडले.

हे जमलं की म्यूऑनचा (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) डिके फुकटात येतो, डीच्या जागी म्यूऑन, यूच्या जागी म्यूऑन न्यूट्रिनो, इलेक्ट्रॉन-अँटीन्यूट्रिनोची बाजू जशीच्या तशी. आणि झेडच्या (डब्ल्यूचा सोबती कण) मोहात पडू नका, त्याला चार्ज नाही, डीचा यू करणं त्याच्यानं होत नाही.