१८ मीटरचा रस्ता आखताना भिंतीकडून सुरुवात करा

आपल्या शहरांत रस्त्याचा नकाशा मधून सुरू होतो. आधी मध्यरेषा, मग दोन्ही बाजूंना गाड्यांच्या लेन, मग पार्किंग, आणि उरेल त्याला फूटपाथ म्हणायचं. उरलेली जागा कुठे दोन मीटर, तर कुठे जेमतेम ७० सेंटिमीटर. त्यातच महावितरणचा डीपी बॉक्स, झाड आणि दुकानाच्या पायऱ्या. मग माणसं खाली उतरून गाड्यांमधून चालतात आणि दोष त्यांनाच दिला जातो. हा क्रम उलटा करायचा: कंपाउंडच्या भिंतीपासून आत येत आधी पायी चालणारा, मग सायकलवाला, आणि राहिलेली रुंदी गाड्यांना. पुणे, नाशिक किंवा ठाण्यात जागोजागी दिसणारा १८ मीटरचा, सोसायट्या आणि दुकानं असलेला रस्ता डोळ्यांसमोर ठेवून हे करायचं कसं, ते पुढे दिलं आहे.

आधी टेप घेऊन रस्त्यावर

नकाशावर १८ मीटर दिसत असले तरी जागेवर तेवढे असतीलच असं नाही. दर २० मीटरवर भिंत ते भिंत अंतर मोजा. तिथेच फूटपाथची एकूण रुंदी आणि मोकळी रुंदी वेगवेगळी लिहा. मोकळी म्हणजे खांब, झाडाचा बुंधा, पायऱ्या, जाहिरातीची पाटी सोडून सलग चालता येईल तेवढीच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना (आयआरसी १०३) किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची मागतात. प्रत्येक गेटची रुंदी, चेंबरची झाकणं, पावसाळी गटाराच्या जाळ्या, बसथांबे, हातगाड्या नोंदवा.

मग माणसं कुठून रस्ता ओलांडतात ते बघा. सकाळी शाळा भरायच्या वेळी आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या मोजण्या करून नकाशावर ठिपके टाका. ठिपक्यांचे पुंजके जिथे पडतील तिथेच झेब्रा हवा. साठ मीटर पुढे आखलेल्या झेब्र्याकडे कोणी वळत नाही, आणि मध्ये रेलिंग लावली की लोक तिच्यातून वाट काढतात.

वेग मोजायला रडार गन लागत नाही. ५० मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारा आणि स्टॉपवॉच लावा. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंद लागले तर ५०. गर्दी नसताना शंभर गाड्या मोजा, कमी वेगापासून जास्त वेगाकडे क्रमाने लावा आणि ८५ वा आकडा बघा. सरासरीपेक्षा तो खरा. रस्ता लोकांना किती वेगाने गाडी हाकायला सांगतो आहे, ते त्यावरून कळतं. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असं धरलं तर ताशी ३० ची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० ची साधारण २८ मीटरमध्ये. वीस मीटरवर मूल रस्त्यात आलं, तर या दोन आकड्यांतच सगळं आलं.

१८ मीटरची वाटणी

एका बाजूचा हिशोब भिंतीकडून असा: भिंतीलगत ०.५ मीटर (दुकानाची पायरी, उघडणारं दार, कुंड्या), २.० मीटर चालायला, २.० मीटर सायकलला, १.३ मीटरची पट्टी झाडं, दिवे, खांब, डीपी बॉक्स, बाकड्यांसाठी, आणि ३.२ मीटरची एक लेन. बेरीज ९ मीटर, दोन्ही बाजू मिळून १८. ३.२ मीटरच्या लेनमधून बस आणि अग्निशमन गाडी नीट जाते. लेन ३.५ किंवा ४ मीटरची केली तर वाहतूक जास्त होत नाही. फक्त वेग वाढतो, आणि एका लेनमध्ये कार व रिक्षा शेजारी-शेजारी घुसू लागतात.

या वाटणीत पार्किंग नाही, आणि विरोध इथूनच सुरू होतो. जागा द्यायचीच असेल तर ती सायकलमार्गातून किंवा फूटपाथमधून काढू नका. आडव्या गल्ल्यांत आखलेले, पैसे लावलेले कप्पे द्या. दुकानदारांशी बोलताना समोर उभ्या गाड्या खरंच गिऱ्हाइकांच्या आहेत का, ते मोजून दाखवा. दर अर्ध्या तासाने नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहिले की दिवसभर न हललेल्या गाड्या वेगळ्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच दुकानदारांच्या आणि कामगारांच्याच निघतात.

रस्ता १२ मीटरचा असेल तर वेगळा सायकलमार्ग कोंबू नका. दोन्हीकडे २.० मीटर चालायला, १.० मीटर झाडं-खांबांना, आणि मध्ये ६ मीटरचा गाडीरस्ता, सायकल गाड्यांसोबत. अट एकच: वेग ताशी ३० च्या वर जाता कामा नये. पाटीने तो राहत नाही. दर ८०-१०० मीटरवर उंचवटा किंवा वळण लागतं.

गेटपाशी फूटपाथ मोडू नका

इथे रेंगाळणं भाग आहे, कारण बहुतेक फूटपाथ इथेच मरतात. ठरलेली पद्धत अशी की प्रत्येक गेटसमोर फूटपाथ उतरतो, गाडी जाते, आणि तो पुन्हा चढतो. शंभर मीटरमध्ये सहा गेटं असली की बारा उतार-चढ. गुडघे दुखणाऱ्या आजी, बाबागाडी, व्हीलचेअर यांना गाडीरस्ताच सपाट वाटतो आणि ते तिथून जातात. पावसात त्या खोलगट जागेत पाणी साचतं ते वेगळंच.

योग्य रचना उलटी: फूटपाथ एकाच पातळीत सरळ राहतो, गाडी वर चढते आणि उतरते. पातळ्या अशा ठेवा. गाडीरस्ता शून्य, सायकलमार्ग १०० मिलिमीटर वर, फूटपाथ १५० वर. गाडीला १०० मिलिमीटर चढायला १.३ मीटरच्या झाडपट्टीची रुंदी पुरते, म्हणजे सुमारे १:१३ चा उतार, स्कूटरलाही सोपा. सायकलमार्ग आणि फूटपाथ यांच्यातला ५० मिलिमीटरचा फरक गेटपुरता तिरक्या कडेच्या कर्बने (कडेच्या दगडाने) सोडवा. फूटपाथचा रंग आणि फरशी गेटसमोरही तीच चालू ठेवा, म्हणजे चालकाला कळतं की आपण दुसऱ्याच्या वाटेवरून जातो आहोत.

फूटपाथला ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक चालतात. गेटसमोर मात्र ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक, खाली १५० मिलिमीटर काँक्रीट हवं. ते वाचवलं तर पाण्याच्या टँकरखाली पहिल्याच पावसाळ्यात ब्लॉक खचतात आणि नेमका तोच खड्डा चालणाऱ्याच्या पायाखाली येतो. गेटची रुंदी ६ मीटर मागितली जाते. एका वेळी एक गाडी जाणार असेल तर ३.५ ते ४ मीटर पुष्कळ झालं.

फूटपाथवर दुचाक्या चढतात म्हणून बोलार्ड (रोवलेले बुटके खांब) लावायचे, हा उपाय अर्धाच आहे. व्हीलचेअरला दोन बोलार्डमध्ये निदान ९० सेंटिमीटर लागतात, आणि स्कूटरचं हँडल त्याहून अरुंद असतं. दुचाकी अडवणारा प्रत्येक चक्रव्यूह व्हीलचेअरही अडवतो. बोलार्ड चारचाकीसाठी ठेवा, १.२ मीटर मोकळं अंतर राखून. दुचाकीवाला फूटपाथवर का चढतो ते शोधा: बहुतेक वेळा दुभाजकातली वळायची फट दूर असते आणि उलट्या दिशेने शंभर मीटर जाणं त्याला सोयीचं पडतं. ती फट जवळ आणली की चढणं कमी होतं.

कोपरे आणि ओलांडणं

गल्लीच्या तोंडाशी कर्बची गोलाई मोठी असली की गाडी वेग न कमी करता वळते आणि ओलांडायचं अंतरही लांबतं. गल्लीसाठी ३ ते ४.५ मीटर त्रिज्या ठेवा. कचरागाडी वळणार नाही, अशी हरकत हमखास येते. तेव्हा कोन (वाहतुकीचे प्लास्टिकचे शंकू) आणि खडू घेऊन खरी कचरागाडी आणि अग्निशमन गाडी एकदा वळवून घ्या. चाकांचा माग पुरावा देतो. ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची मोकळीक, काढून टाका. तिथे सिग्नल हिरवा असो की लाल, चालणाऱ्यासाठी तो कधीच सुरक्षित नसतो.

झेब्रा फूटपाथच्या सरळ रेषेत हवा आणि गाड्यांची थांबरेषा त्याच्या २ मीटर मागे. सिग्नल नसलेल्या जागी उंच झेब्रा करा: उंची १०० मिलिमीटर, वरचा सपाट भाग निदान ३ मीटर, चढ-उतार १ मीटर लांब. बसमार्गावर सपाट भाग ६ मीटर आणि चढ २ मीटर करा, नाहीतर बस आपटते आणि महिनाभरात कोणीतरी तो फोडायला लावतं. फूटपाथच्या टोकाला ५० मिलिमीटरची उतरण ६० सेंटिमीटर लांबीत द्या, म्हणजे १:१२. अंध व्यक्तींसाठी ठिपक्यांच्या फरश्या ओलांडायच्या रेषेला काटकोनात लावा. त्या चेंबरच्या झाकणावर किंवा खांबावर नेऊन सोडलेल्या दिसतात, आणि तसं सोडणं घातक आहे.

पावसाळी जाळी उंच झेब्र्याच्या अलीकडे, रस्त्यावरून पाणी वाहत येतं त्या चढाकडच्या बाजूला बसवा. उताराकडच्या बाजूला बसवली तर झेब्रा बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो.

सिग्नलचा वेळ हिशोबानेच ठरवा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो हे पुस्तकी मोजमाप. म्हाताऱ्या माणसासाठी ०.९ धरा. १४ मीटर ओलांडायला सोळा सेकंद, पाऊल टाकण्याआधीचे पाच-सहा सेकंद, म्हणजे बावीस. तेवढा वेळ देता येत नसेल तर मध्ये निदान १.५ मीटर, सायकलही उभी राहायची असेल तर २ मीटर रुंद थांबायची जागा द्या. दिवा झेब्र्याच्या अगदी डोक्यावर लावला की चालणाऱ्याची नुसती सावली दिसते. गाडी येते त्या बाजूला, झेब्र्याच्या थोडा अलीकडे लावला की माणूस उजळतो.

सायकलमार्ग

पुण्यात बीआरटी (बससाठी वेगळी लेन असलेल्या) रस्त्यांच्या कडेने केलेले सायकलमार्ग तुकड्या-तुकड्यांचे होते. चौकात संपायचे, मध्ये झाड किंवा खांब यायचा, आणि शेवटी तिथे गाड्या उभ्या राहायच्या. त्यातून शिकायचं ते हे की सायकलमार्ग चौकातून आरपार गेला पाहिजे. रंग सगळीकडे ओतू नका. गेट आणि चौक, जिथे गाडी आडवी येते, तिथेच लाल किंवा हिरवा पट्टा द्या. पृष्ठभाग डांबर किंवा काँक्रीट, पेव्हर ब्लॉक नाही. सांध्यांनी हात बधिर होतात आणि सायकलवाला गाडीरस्त्यावर जातो. चेंबरचं झाकण पृष्ठभागाशी ५ मिलिमीटरच्या आत समपातळीत हवं, आणि जाळीचे गज सायकलच्या दिशेला आडवे, नाहीतर चाक अडकतं.

बसथांब्यावर सायकलमार्ग थांब्याच्या मागून न्या. तिथे तो १.५ मीटर करा आणि वाचलेला अर्धा मीटर थांब्याला द्या, म्हणजे १.८ मीटरची जागा होते. बस लेनमध्येच थांबू द्या; बस आत घेण्याच्या खाचा फूटपाथच गिळतात. पथविक्रेत्यांना पट्टीत बसवाल तर गिऱ्हाईक सायकलमार्गात उभं राहील. त्यांना गल्लीच्या तोंडाशी कोपरा पुढे काढून जागा द्या, आणि ती पथविक्रेता समितीकडून नोंदवून घ्या. विक्रेते गेले की संध्याकाळी रस्ता ओसाड आणि असुरक्षित होतो.

आधी कोनने, मग काँक्रीटने

दोन आठवडे सगळी रचना रंग, कोन आणि प्लास्टिक बोलार्डने उभी करा, वाहतूक पोलिसांना सोबत घेऊन. ५० मीटरची तीच वेगमोजणी पुन्हा करा. कुठे गाड्या चढतात, कुठे माणसं कोपरा कापतात, ते दिसतं, आणि नकाशा दुरुस्त करायला तेव्हा फक्त रंग लागतो.

निविदेत तीन गोष्टी नाव घेऊन लिहा. एक: फूटपाथखाली केबलसाठी मोकळे डक्ट (नळ्या), दर ४० मीटरला चेंबर, आणि प्रत्येक उंच झेब्र्याखालून आडवे पाइप, नाहीतर केबलवाले सहा महिन्यांत सगळं खोदतात. दोन: पुढच्या वेळी डांबरीकरणाआधी जुना थर खरवडणं बंधनकारक. ४० मिलिमीटरचे दोन थर वर चढले की १५० चा कर्ब ७० वर येतो. तीन: झाडाभोवती एक मीटर माती मोकळी.

पुण्यात २०१६ ची नागरी रस्ते रचना मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ प्रत्यक्ष बघता येतात. तिथे टेप घेऊन जा. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना आयआरसी १०३ चा उल्लेख करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं: रस्त्याच्या रचनेची मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर प्राधिकरण, सल्लागार किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोजलेल्या रुंद्यांचा तक्ता आणि ठिपक्यांचा नकाशा अर्जासोबत जोडा, आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा.