ऑटम सेज लावताय? आळं करू नका
ऑटम सेज म्हणजे साल्व्हिया ग्रेगाय. मूळचं चिवावा वाळवंटातलं, टेक्सासपासून खाली मेक्सिकोत सान लुईस पोतोसीपर्यंत खडकाळ जमिनीत वाढणारं झुडूप, बारा महिने हिरवं. नावात ऑटम असलं तरी आमच्या डॅलसला वसंतापासून थंडी पडेपर्यंत फुलतं आणि लाल फुलांवर हमिंगबर्ड येतात ते वेगळंच.

रोप ऑक्टोबरात आणा, सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा बघा. झालं.

आता माती, आणि इथेच सगळे माती खातात. डॅलसची माती सेम आपल्या काळ्या मातीसारखी, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल, मी तर बघून खूशच झालो होतो. म्हणून गावाकडे करायचो तसंच केलं, खोल खड्डा, त्यात भरपूर कंपोस्ट, वर गोल आळं. तीन रोपं लावली आणि हिवाळ्याच्या पावसात तिन्ही गेली, उपटली तर मुळं काळी पडलेली आणि कुजका वास. चिकण मातीत खड्डा खणून भुसभुशीत खत भरलं की त्याची बादली होते हो, आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. नर्सरीवाले अजून तेच सांगतात, ऐकू नका.

"थोडी वाळू मिसळ" म्हणणारेही भेटतील. चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे वीट. मीही करून बसलोय.

खड्डा नकोच, वरंबा करा. एक फूट उंच, तीन फूट रुंद, तिथलीच माती आणि निम्मी बारीक खडी किंवा डिकंपोज्ड ग्रॅनाइट (आपला मुरूमच समजा). कुंडीतल्या मातीचा गोळा वरंब्यावर इंचभर वर राहील असा बसवा, बुंध्याशी पालापाचोळ्याऐवजी खडी पसरा. आळं करायला हात शिवशिवतील, आवरा.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी, पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, तेही बोटभर खोल माती कोरडी लागली तरच. खत अजिबात नको, नुसत्या लुळ्या फांद्या सुटतात.

छाटणी फेब्रुवारीच्या मध्यात, निम्म्यापर्यंत. पानं नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालू नका, तिथून बहुतेक फूट येत नाही.