नवातून तीन: संग्रह आवरताना आणि पिस्तूल रोज अंगावर बाळगताना

एका रविवारी दुपारी मी घरातली सगळी हत्यारं बाहेर काढून पलंगावर जुन्या चादरीवर ओळीनं मांडली. नऊ निघाली. माझ्या हिशेबानं आठ होती. एकेक उचलायचं, नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे धरायची, उघडून आत बघायचं, असा क्रम लावला होता. सातवं होतं .32 चं छोटं पिस्तूल. ते रिकामं आहे असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढली आणि एक काडतूस टपकन चादरीवर पडलं. पितळ काळवंडलेलं होतं. ते कधी भरलं गेलं हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्या तिजोरीची किल्ली तेव्हा फक्त माझ्याकडे असायची.

मी बारा वर्षं शूटिंग रेंजवर देखरेखीचं काम केलंय. नियम तोंडपाठ होते. हत्यारं जास्त झाली होती. ज्याची आत्ताची स्थिती मला न उघडता सांगता येत नाही, असं हत्यार घरात नको, हे त्या दिवशी ठरवलं. नवाची तीन झाली. ती कशी झाली आणि त्यातलं एक मी रोज कसं बाळगते, ते सविस्तर लिहिते आहे.

आधी एक वही घ्या. प्रत्येक हत्याराला एक पान. कॅलिबर (नळीचं माप), क्रमांक, परवान्यावरची नोंद, शेवटची गोळी कधी झाडली, आणि खाली एक ओळ: हे माझ्याकडे कशासाठी आहे? नेमबाजीच्या सरावासाठी, शिकारीसाठी, स्वसंरक्षणासाठी, आठवण म्हणून, काहीही चालेल. पण ओळ लिहिता आली पाहिजे. माझ्या तीन पानांवर ती ओळ कोरी राहिली. ती तीन आधी गेली.

पुढचा प्रश्न जास्त कडक आहे. डोळे मिटून हे हत्यार मोकळं करता येतं का? खोटी काडतुसं भरून करून बघा. हात अडखळतात तिथे बहुतेक वेळा सेफ्टीचा खटका (गोळी सुटू न देणारी कळ) असतो, आणि याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय.

1911 घराण्यातल्या, म्हणजे कोल्टच्या त्या नावाच्या जुन्या पिस्तुलाच्या घडणीतल्या, पिस्तुलांचा खटका फ्रेमवर (मुठीकडच्या, न सरकणाऱ्या भागावर) असतो. वर केला की हत्यार बंद, खाली दाबला की चालू. 1929 सालच्या वॉल्थर पीपीमध्ये तो स्लाइडवर आहे आणि उलटा चालतो: खाली म्हणजे बंद, वर म्हणजे चालू. पुढे आलेल्या बेरेटा 92 एफएसचंही तसंच. माझ्याकडे दोन्ही जातीची पिस्तुलं होती आणि आज हे, उद्या ते, असं मी कपड्यांप्रमाणे बदलून लावायचे. एका सरावात लक्ष्य वळलं, मी पिस्तूल काढलं, अंगठा सवयीनं खाली दाबला, चाप ओढला. काहीच झालं नाही. खटका आधीच खाली होता, म्हणजे बंद. माझ्या अंगठ्यानं तो आणखी घट्ट खाली धरला होता. हातात कुठलं पिस्तूल आहे हे डोक्याला माहीत होतं, अंगठ्याला नव्हतं. याची उलटी चूक जास्त वाईट. हत्यार बंद करतोय अशा समजुतीनं 1911 चा खटका खाली दाबला, तर घोडा (मागून ठोका मारणारा भाग) चढलेला, हत्यार चालू, आणि माणूस निर्धास्त. म्हणून बाळगायचं हत्यार एकच ठेवा. दोन ठेवायचीच असतील तर दोन्ही एकाच पद्धतीची असू द्या.

जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांकडे वेगळं बघायला हवं. कोल्टच्या 1873 सालच्या सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरच्या (सिंगल ॲक्शन म्हणजे घोडा दर वेळी अंगठ्यानं चढवावा लागतो) घडणीत घोडा खाली टेकवला की त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर बसतं. पडलं किंवा घोड्यावर ठोकर बसली तर गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरं असूनही पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा, ही रीत पडली. रुगरनं 1973 मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार, म्हणजे घोडा आणि फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी पिन) यांच्यामधली पट्टी, आणला. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचतो, एरवी नाही. आपलं हत्यार या रेषेच्या अलीकडचं की पलीकडचं हे माहीत नसेल, तर आर्मररकडून (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडून) तपासून घ्या. माझं जुन्या घडणीचं निघालं. मी ते विकलं.

आजोबांची दोन नळ्यांची बारा बोअर बंदूक मात्र विकवली नाही. तिच्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या. त्या काळ्या बारुदाच्या जमान्यातल्या आहेत. आजच्या धूररहित बारुदाच्या काडतुसांचा दाब त्यांनी सोसावा अशी अपेक्षा धरू नये, नळी फुटू शकते. तिच्या फायरिंग पिना काढून घेतल्या आणि ती धाकट्या भावाकडे रीतसर कागद करून दिली. नुसत्या शोभेसाठी भिंतीवर टांगलेल्या बंदुकीला कागद लागत नाहीत असं समजू नका, आधी परवाना खात्यात विचारा. बाकीची परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्या. ओळखीतला आहे, पुतण्याच आहे, म्हणून परस्पर हातात ठेवू नका.

उरलेली कुलपात. लपवणं आणि कुलूप लावणं यात फरक आहे. माझ्या भाचीच्या सहा वर्षांच्या मुलानं स्वतःची वाढदिवसाची भेट कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरून, रजयांच्या मागून शोधून काढली होती, तीही खुर्चीवर स्टूल चढवून. तिजोरी जमिनीला किंवा भिंतीला बोल्टनं जखडलेली हवी, काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत. हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) ठेवून महिनोन् महिने बंद करू नका; चामडं दमट हवा धरून ठेवतं, कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात, आणि पोलादावर नेमका होल्स्टरच्या आकाराचा गंज चढतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी तापवून सुकवा किंवा बदला.

तिजोरीबद्दल अजून एक, आणि हे मी मनापासून सांगते आहे. माझा नवरा गेला त्यानंतरचे चार महिने माझ्या तिजोरीची किल्ली माझ्या नणंदेकडे होती. मीच नेऊन दिली. तिनं काही विचारलं नाही, डब्यात ठेवली. दुःख, कर्ज, घटस्फोट, झोप उडालेल्या रात्री, दारू, असं काही घरात चालू असेल तर किल्ली बाहेर जाऊ द्या. मनातली ती अत्यंत वाईट घटका बऱ्याचदा थोडा वेळच असते, आणि त्या वेळात हत्यार हाताशी नसणं यानं माणूस वाचतो. घरातल्या दुसऱ्या कुणाची चिन्हं दिसली तरी हेच करा, आणि त्याला उघड विचारा. मला माझ्या वहिनीनं विचारलं होतं.

आता रोजच्या बाळगण्याचं. परवान्यात आणि तुमच्या भागातल्या कायद्यात अंगावर बाळगायची मुभा आहे का, कुठे नाही, हे आधी लेखी बघून घ्या.

पिस्तूल एक, जागा एक, होल्स्टर एक. माझं 9 मिमी पिस्तूल कमरेला उजवीकडे, हाडाच्या किंचित मागे असतं. खूप जणी पर्समध्ये ठेवतात. मी ठेवत नाही. पर्स खुर्चीला अडकवली जाते, दुकानात गल्ल्यावर राहते, पोरं तिच्यात पेन शोधतात. ठेवायचंच तर पिस्तुलासाठी वेगळा, ताठ होल्स्टर शिवलेला कप्पा हवा, त्यात किल्ल्यांपासून लिपस्टिकपर्यंत दुसरं काहीही नको, आणि पर्स अंगावरून उतरता कामा नये.

होल्स्टरनं तीन गोष्टी केल्या पाहिजेत. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे, इतकी की बाहेरून बोट, दोरी, कापड काही शिरणार नाही. उलटं धरून हलवलं तरी (रिकामं पिस्तूल घालून) ते पडता कामा नये. आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. माझं पहिलं चामडी होल्स्टर सात वर्षं वापरून मऊ पडलं होतं, तोंडाची कड आत दुमडायची. एकदा सरावानंतर पिस्तूल परत घालताना शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर ते अडलं. दाबलं असतं तर गेलं असतं. मी थांबले, बाहेर काढलं, मोकळं केलं आणि वाकून पाहिलं. चामड्याची ती दुमडलेली कड कडीच्या आत शिरून चापाच्या बरोबर समोर उभी होती. जॅकेटच्या कमरेच्या दोरीचा प्लॅस्टिकचा गोळा अगदी हेच करतो. असे गोळे मी माझ्या सगळ्या जॅकेटांचे कापून टाकलेत.

त्यामुळे घालताना घाई कधीच नको. काढायला घाई लागू शकते, परत घालायला जगात कुठलीही घाई नसते. डाव्या हातानं कपडा वर उचलून धरा, बोट फ्रेमवर सरळ, नजर होल्स्टरच्या तोंडावर, नळी शरीरापासून जरा बाहेर कललेली. ज्या पिस्तुलांना बाहेरून घोडा असतो त्याच्या मागे अंगठा ठेवा; घोडा हलू लागला तर अंगठ्याला कळतं. काही अडलं तर ढकलू नका.

चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, झाडायचं काडतूस बसतं त्या घरात) काडतूस ठेवायचं की नाही, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं म्हणणं असं: आधी दोन आठवडे पूर्ण रिकामं पिस्तूल, स्लाइड ओढून चाप तयार स्थितीत ठेवून, घरात दिवसभर लावा. वाका, बसा, पोरांशी खेळा, गाडीचा पट्टा लावा. रात्री बघा की चाप अजून तयार आहे का. एकदाही सुटलेला आढळला, तर होल्स्टर किंवा सवय यापैकी काहीतरी चुकतंय आणि भरलेलं बाळगायची वेळ आलेली नाही. बऱ्याच स्ट्रायकर पिस्तुलांचा (ज्यांत घोड्याऐवजी आतली स्प्रिंगची पिन ठोका देते) चाप साधारण अडीच किलो ओढीचा असतो. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा, म्हणजे चाप ओढूनच घोडा चढतो त्याचा, त्याच्या जवळपास दुप्पट. हा फरक कागदावर वाचण्यात आणि कमरेवर वागवण्यात अंतर आहे.

स्वच्छतागृहात पिस्तूल होल्स्टरमध्येच राहू द्या. हुकाला अडकवायचं नाही, टाकीवर ठेवायचं नाही. पट्टा सैल करून कपडे घोट्यापर्यंत न सोडता गुडघ्यांशी ताठ धरले की ते तिथेच पाळण्यासारखं राहतं. आणि कुठेही, कधीही, पिस्तूल हातातून निसटलं तर झेलू नका. मागे व्हा, पडू द्या. चांगल्या स्थितीतलं आजचं पिस्तूल पडून सहसा सुटत नाही. हवेत झेलायला गेलेल्या हाताचं बोट मात्र चापात शिरतं.

धोका बाळगण्यापेक्षा हाताळण्यात जास्त असतो. म्हणून हाताळणं कमी करा: सकाळी एकदा लावायचं, रात्री एकदा काढायचं. रात्रीचा माझा क्रम असा. खोलीत कुणी नाही, दार बंद, फोन बाहेर. नळी वाळूच्या बादलीकडे. पहिल्यांदा मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढायचं, मग स्लाइड ओढायची. हा क्रम उलटला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये चढवते, मग तुम्ही मॅगझिन काढता आणि समजता की रिकामं झालं. मी हे रेंजवर अनुभवी माणसांच्या हातून घडताना पाहिलंय. स्लाइड मागे अडकवून आत बघायचं, करंगळीचं टोक चेंबरला लावून चाचपायचं, दुसरीकडे बघून परत एकदा बघायचं. बाहेर आलेलं काडतूस हवेत झेलायची हौस नको. ते जमिनीवर पडू द्या आणि नंतर उचला.

या उचललेल्या काडतुसाची एक वेगळी भानगड आहे. रोज तेच एक काडतूस चेंबरमध्ये चढवलं की दर वेळी गोळीच्या नाकाला ठोका बसतो आणि गोळी पितळी पुंगळीत हळूहळू आत सरकते. आतली जागा कमी होते, झाडताना दाब वाढतो, कधी कधी धोक्याच्या वर. नवं काडतूस आणि रोजचं काडतूस सपाट टेबलावर शेजारी उभी करा, वरून पट्टी ठेवा. रोजचं जरा जरी बुटकं दिसलं तर ते झाडायचं नाही. वेगळ्या डबीत टाकून विक्रेत्याकडे द्यायचं. मी वरची काडतुसं आळीपाळीनं बदलते. एक काडतूस दोनदा चढलं की त्याच्या बुडावर मार्करची रेघ मारते आणि ते पुढच्या सरावाच्या डब्यात जातं. सरावाला गेले की त्या रेघ मारलेल्या गोळ्या आधी पट्टीवर मापते, आणि मापात उतरल्या तर पहिल्या मॅगझिनमध्ये त्याच भरते.