चरबीच्या संप्रेरकांबाबत या चुका टाळा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी मधुमेह-पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले, तर मधुमेहाच्या प्रमाणात गोवा २६.४ टक्क्यांसह देशात पहिला आहे. फोंडा-म्हापशाकडे साखरेची चर्चा घरोघरी होते, परंतु ती बहुधा नेवऱ्यांपाशी आणि शीतकढीपाशीच थांबते. पोटातली चरबी हा नुसता साठा नसून संप्रेरके (हार्मोन्स) स्रवणारा अवयव आहे, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच येते आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

वजनकाट्यावर विसंबणे ही त्यांतली सर्वांत सार्वत्रिक चूक. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे ‘बारीक’ दिसणाऱ्या माणसालाही धोका असतो तो असा. म्हणून कंबर मोजावी. मात्र पँटच्या पट्ट्याच्या जागी नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याचा मानला जातो.

लेप्टिन म्हणजे चरबीपेशींतून स्रवणारे, चरबीचा साठा पुरेसा असल्याची खबर मेंदूला देऊन भूक आवरणारे संप्रेरक. ते बाहेरून घेतले की वजन उतरेल, हा गैरसमज मात्र अधिक खर्चिक आहे. १९९४ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने हे संप्रेरक शोधले, तेव्हा लठ्ठपणावर औषध सापडले असेच अनेकांना वाटले. प्रत्यक्षात लठ्ठ व्यक्तीच्या रक्तात लेप्टिन सहसा भरपूर असते, पण मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. खरी उणीव फार दुर्मीळ जनुकीय दोषातच आढळते आणि इंजेक्शनचा मोठा लाभ मुख्यतः अशाच रुग्णांना होतो. लेप्टिन हे प्रथिन असल्यामुळे गोळीतून घेतल्यास ते पोटात पचूनच जाते. अशा गोळ्यांवर पैसे घालवू नयेत.

चवथीच्या तोंडावर शीत आणि पाव एकदम सोडून उपासमार करणाऱ्यांचेही गणित चुकते, कारण खाणे अचानक तोडले की लेप्टिन चरबीपेक्षा कितीतरी वेगाने घटते, भूक खवळते आणि उतरलेले वजन परत येते.

चरबीतूनच स्रवणारे दुसरे संप्रेरक, अ‍ॅडिपोनेक्टिन, मात्र उलट वागते. ते यकृत आणि स्नायूंना इन्सुलिनला प्रतिसाद द्यायला मदत करते, परंतु चरबी वाढली की तेच कमी होते. त्याच वेळी आतड्यांभोवतीच्या फुगलेल्या चरबीपेशींजवळ मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी गोळा होऊन टीएनएफ-अल्फासारखे दाहकारक पदार्थ स्रवतात आणि चरबीतून सुटलेली मुक्त मेदाम्ले यकृताकडे जातात; त्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही. म्हणूनच कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढून हा विकार सुधारेल, ही अपेक्षा फसवी आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सुमारे दहा किलो चरबी काढूनही स्त्रियांची इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारली नाही.

लेप्टिन-अ‍ॅडिपोनेक्टिनच्या महागड्या तपासण्या सर्वसाधारण रुग्णाला लागत नाहीत. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड व एचडीएल हे रक्तातील मेद, आणि कंबरेचा घेर यांवरून डॉक्टरांना बरेचसे चित्र दिसते. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता खाणे कमी करू नये, कारण त्यामुळे साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.