चार फुटी फिश टँकसाठी घरच्या घरी लाकडी स्टँड

टँकची ऑर्डर द्यायच्या आधी वजनाचा हिशेब कागदावर मांडा. आमचा टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे 12 घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरला तर 340 लिटर, तेवढेच किलो. 12 मिलिमीटरची काच पाऊणशे किलोच्या वर जाते. त्यात वाळू नि दगड. काठोकाठ कुणी भरत नाही, तरी साडेचारशे किलो धरूनच चाला. मी शाळेत विज्ञान शिकवते. घनता आणि दाब आला की हाच टँक फळ्यावर काढते, आणि उत्तर आलं की वर्ग थोडा वेळ गप्प होतो.

एवढं वजन स्क्रूवर टांगायचं नाही. काचेखाली प्लाय, प्लायखाली वरची चौकट, चौकटीखाली पाय, पायांखाली खालची चौकट आणि तिच्याखाली जमीन, असं लाकडावरून लाकडावर वजन उतरत गेलं पाहिजे. स्क्रू आणि फेविकॉल हे सगळं जागेवर धरून ठेवण्यापुरते. दुकानात तयार स्टँड बघायला गेलात तर वाकून आतून बघा. आडवं लाकूड पायाच्या डोक्यावर टेकलेलं आहे की पायाच्या बाजूला नुसतं स्क्रूने लटकवलंय, एवढ्यावरून त्या स्टँडचा भरवसा कळतो.

लाकूड. आमच्या चिपळूणकडे कौलारू घरं उतरवून स्लॅबची घरं होतात आणि उतरवलेल्या तुळया नि वासे वखारीत येतात. सागवान मिळालं तर उत्तम, ऐन मिळाला तरी चालेल. हे लाकूड वर्षानुवर्षं छपराखाली सुकलेलं असतं, त्यामुळे नंतर पिळवटत नाही. ताजं चिरलेलं लाकूड उघड्या हवेत सुकायला ढोबळमानाने दर इंच जाडीला एक वर्ष घेतं, आणि आपल्याला दोन इंची लाकूड हवंय. म्हणून जुनंच घ्या. घेताना टोकं टोच्याने टोचून वाळवी बघा. लोहचुंबक फिरवून मोडके खिळे काढून घ्या, नाहीतर सॉ मिलवाले चिरायला घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. ऐन जड आणि कणखर असतो, पण भोक न पाडता स्क्रू मारला की तडकतो. आंब्याच्या स्वस्त फळ्यांचा मोह टाळा, त्याला कीड लवकर लागते.

चार इंच बाय दोन इंच असं चिरून घ्या. लागतील ते तुकडे: 48 इंची चार, 14 इंची सहा, पायांसाठी 20 इंची सहा. दोन लांब आणि तीन आखूड तुकड्यांची एक चौकट, अशा दोन. आखूड तुकडे लांब तुकड्यांच्या मध्ये येतात, म्हणून बाहेरून माप 48 बाय 18 भरतं, म्हणजे टँकइतकंच. काचेची कड थेट लाकडाच्या वर यायला हवी, म्हणून हे माप महत्त्वाचं.

चौकटीतलं लाकूड उभं ठेवा, चार इंचाची बाजू उभी. तेच लाकूड आडवं झोपवलं तर तेवढ्याच वजनाखाली चौपट वाकतं. लाकूड तेच आणि पैसे तेच, फरक फक्त कसं ठेवलं याचा. हे मला फार सुंदर वाटतं.

चौकट जोडताना गुण्यावर विसंबून राहू नका, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सव्वाएक्कावन्न इंच आले की चौकट काटकोनात आहे. मगच फेविकॉल मरीन लावा, शिकंजे आवळा आणि स्क्रू मारा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, तीन इंची. आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि स्क्रूला थोडं मेण लावायचं. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू इथे नकोत, ते ठिसूळ असतात आणि ओलीत गंजतात.

पाय चारही कोपऱ्यांत, पाचवा आणि सहावा लांब बाजूंच्या बरोबर मध्ये. खालची चौकट जमिनीवर, तिच्यावर पाय, पायांवर वरची चौकट. सगळे पाय तंतोतंत सारखे हवेत, म्हणून एकत्र बांधून एकदम कापा आणि डोक्यांवरून रंधा फिरवा. एक पाय दोन मिलिमीटर आखूड राहिला तर त्याच्या वाट्याचं वजन शेजारच्यांवर जातं. आतून प्रत्येक पायाला 28 इंची पट्टी लावा, दोन्ही चौकटींना स्क्रूने धरणारी. समोरचा मधला पाय स्टँडच्या आत ठेवलेला फिल्टर काढताना आड येतो हे खरं. नुसत्या चार फुटांच्या लांबीत चार इंच उभं सागवान जेमतेम मिलिमीटरभर वाकेल, म्हणून तो पाय वगळला तरी चालतं. मी मात्र ठेवलाय आणि फिल्टर बाजूने काढते.

खालच्या दिशेने आता काळजी नाही. खरी काळजी आडव्या हलण्याची. नुसत्या पायांचा सांगाडा हाताने ढकलून बघा, डुलतो. आम्ही कोयनेपासून लांब नाही. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो, आणि लहान धक्के तर आमच्या पिढीनेही अनुभवलेत. म्हणून पाठीला आणि दोन्ही बाजूंना 18 मिलिमीटरचा 710 ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय ठोका, फेविकॉल लावून, सहा-सहा इंचांवर स्क्रू मारून. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये पाठ, दोन्ही बाजू आणि वरचा टॉप बसतो. पाठीत पाइप-वायरींसाठी भोकं पाडा, पण कोपऱ्यांपासून दूर. हा प्लाय बसला की सांगाडा दगडासारखा घट्ट होतो.

रंगाआधी प्रत्येक तुकड्याची कापलेली टोकं, विशेषतः खालच्या चौकटीची, पॉलिशने दोन-तीनदा भिजवून घ्या. पाणी लाकडात टोकातून शिरतं. दर आठवड्याला बादलीने पाणी बदलताना थोडं सांडणारच. बाकी ऑइल पेंट लावा किंवा पॉलियुरेथेन, आतूनही लावा.

जागा. तळमजला असेल तर फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा. वरच्या मजल्यावर असाल तर भिंतीला लागून, बीमवर ठेवा. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलोचा भार धरून काढलेला असतो, आणि आपला टँक आपल्या पायाखालच्या जागेत त्याच्या चौपट भार देतो. तो आजूबाजूला वाटला जातो म्हणून निभावतं, पण बाहेर काढलेल्या बाल्कनीत हा टँक नकोच. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावरही नको.

स्टँड जागेवर ठेवून पाणसळ लावा, लांबीत, रुंदीत आणि तिरकीसुद्धा. उतार असेल तर पाचर स्टँडच्या खाली द्या. काच आणि प्लायच्या मध्ये पाचर घालाल तर काच त्या एका ठिकाणी तडकेल. टॉपवर 12 मिलिमीटरचा थर्मोकोल पसरून टँक ठेवा. प्लॅस्टिकच्या फ्रेमचा टँक असेल तर थर्मोकोल नको, तो फ्रेमवरच टेकतो.

आधी अर्धाच भरा. चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्याची खोली पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडे हलले नाहीत तर पूर्ण भरा.

एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या आत वरच्या बाजूला लावा, जमिनीवर कधीच नाही. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली जाईल इतका झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोलाशीच टपकतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही.

दारं सगळ्यात शेवटी, वेगळ्या प्लायची. चारही बाजूंनी तीन मिलिमीटरची फट सोडा. कोकणात आषाढ-श्रावणात दार फुगतं, आणि घट्ट बसवलेलं दार उघडायला ओढाल तेव्हा हिसका टँकला बसतो.